डोळे कोरडे पडलेत? नुसते ड्रॉप घालू नका, आधी आतला दाह शांत करा

डोळ्यातून घळाघळा पाणी येतंय आणि डॉक्टर सांगतायत की तुमचे डोळे कोरडे आहेत, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वासच बसला नाही. मी नागपूरची, अकाउंट्सचं काम, दिवसाचे आठ-नऊ तास कॉम्प्युटरसमोर आणि एसीचा झोत बरोब्बर तोंडावर, मार्च एंडिंगला तर विचारूच नका. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायचं, चुरचुरायचं, संध्याकाळी आकडे धूसर व्हायचे आणि दोन-तीनदा पापण्या मिटल्या की परत स्पष्ट दिसायचे. दोन वर्षं मी मेडिकलमधून लाली घालवायचा ड्रॉप आणून घालत राहिले, घातला की थोड्या वेळात डोळे पांढरे आणि संध्याकाळी आधीपेक्षा जास्त लाल. तो ड्रॉप फक्त रक्तवाहिन्या आकसून टाकतो, त्याचा असर उतरला की त्या परत फुगतात, आणि मूळ आजार तसाच आत चालू राहतो. ती दोन वर्षं माझी वाया गेली, तुमची जाऊ नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, औषध कुठलं घ्यायचं ते तुमचे डोळ्यांचे डॉक्टरच ठरवणार, पण काय चाललंय ते समजलं की त्यांच्याशी बोलता येतं आणि मुख्य म्हणजे औषध मध्येच सोडलं जात नाही.

आधी आत काय होतं ते समजून घ्या

अश्रू म्हणजे नुसतं पाणी नाही. बुबुळाच्या पुढच्या काचेवर, म्हणजे कॉर्नियावर, अश्रूंचा एक पातळ पापुद्रा असतो. त्याच्या सगळ्यात वर तेल, खाली पाणी, आणि ते पाणी डोळ्याला चिकटून राहावं म्हणून म्युसिन नावाचा बुळबुळीत पदार्थ. नागपूरकरांना सांगायचं तर रश्श्यावर तर्री असते ना तसं ते तेल, ते वर असलं की खालचं पाणी लवकर उडून जात नाही. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींमधून येतं, आरशात खालची पापणी जरा ओढून बघा, पापणीच्या केसांच्या आतल्या बाजूला बारीक टिंबांची ओळ दिसते, ती त्यांची तोंडं. पाणी येतं डोळ्याच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या अश्रुग्रंथीतून, आणि म्युसिन डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या आवरणातल्या गॉब्लेट पेशींमधून.

आता तेल कमी झालं तर पाणी भराभर उडतं, किंवा मुळात पाणीच कमी तयार होतं, दोन्हीकडे परिणाम एकच, जे उरतं ते खारट होतं. आमटी आटली की कशी खारट लागते, मीठ तेवढंच पण पाणी कमी, अगदी तसंच. हे खारट अश्रू पेशींना झोंबतात आणि पेशी धोक्याची घंटा वाजवल्यासारखी रसायनं सोडतात, इंटरल्युकिन, टीएनएफ वगैरे. ती वाचून रक्तातल्या टी-सेल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात. एमएमपी-९ नावाचं एक एन्झाइम वाढतं, ते कॉर्नियाच्या वरच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे सांधे तोडतं. टी-सेल जे सोडतात त्यानं गॉब्लेट पेशी मरतात, म्हणजे म्युसिन कमी, म्हणजे अश्रूंचा पापुद्रा आणखी लवकर फाटतो, म्हणजे आणखी खारटपणा, म्हणजे आणखी दाह, डॉक्टर ज्याला इन्फ्लमेशन म्हणतात तो. असं ते चक्र फिरत राहतं. सुरुवात कशानंही झालेली असो, एसीनं, कॉन्टॅक्ट लेन्सनं, चष्मा घालवायच्या लॅसिक ऑपरेशननं, पाळी जायच्या वयात बदलणाऱ्या हार्मोन्सनं, एकदा चक्र फिरायला लागलं की ते स्वतःच्याच जोरावर फिरतं. म्हणूनच सुट्टीत पंधरा दिवस स्क्रीन बंद ठेवूनही माझे डोळे बरे झाले नव्हते.

२०१७ साली जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून ड्राय आयची जी व्याख्या केली, टीएफओएस ड्यूज टू म्हणतात त्या रिपोर्टला, त्यात अश्रूंचा अस्थिरपणा आणि खारटपणा यांच्या बरोबरीनं दाह आणि नसांमधले बिघाड हे आजाराची कारणं म्हणूनच धरलेत. नसांचं का, तर दाहानं डोळ्याच्या नसा हुळहुळ्या होतात, जरा वारा लागला की मेंदूला संदेश जातो आणि अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. घळाघळा येतं ते हे पाणी, त्यात तेल आणि म्युसिनचा मेळ नसतो, ते गालावरून ओघळून जातं आणि डोळा परत कोरडाच. आमटी आटतेय म्हणून वरून पाणी ओतत राहायचं आणि गॅस मात्र बारीक करायचा नाही, असं मी दोन वर्षं केलं. गॅस म्हणजे हा दाह.

आपला प्रकार कुठला ते तपासून घ्या

डॉक्टरांकडे गेलात की फक्त चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका, स्वतःहून सांगा की कोरडेपणासाठी तपासा. पिवळा रंग घालून अश्रूंचा पापुद्रा किती सेकंदात फाटतो ते बघतात, त्याला टीबीयूटी म्हणतात, १० सेकंदांपेक्षा कमी आलं तर गडबड आहे असं धरतात, माझं उजव्या डोळ्याचं ४ आलं होतं. दुसरी शर्मर टेस्ट, खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटांत किती मिलिमीटर भिजते ते मोजतात, ५ किंवा त्याहून कमी म्हणजे पाणीच फार कमी बनतंय. तिसरं म्हणजे पापणी दाबून तेल कसं येतं ते बघणं, नीट असेल तर पातळ आणि पारदर्शक येतं, बिघडलं असेल तर टूथपेस्टसारखं घट्ट. एमएमपी-९ मोजायचीही टेस्ट निघाली आहे पण ती सगळीकडे नसते आणि ती नसली म्हणून काही अडत नाही, रंग घातल्यावर डॉक्टरांना बरंच दिसतं.

हे आकडे फाइलमध्ये लिहून मागा. खरंच मागा, कारण पुढे औषध लागू पडतंय की नाही ते नुसत्या आपल्या वाटण्यावर ठरत नाही.

आणि जाताना आपल्या इतर गोळ्यांची यादी न्या. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, अमिट्रिप्टिलीनसारख्या डिप्रेशन किंवा मायग्रेनवरच्या गोळ्या, पिंपल्ससाठीचं आयसोट्रेटिनोइन, काचबिंदूचे ड्रॉप, या सगळ्यांनी डोळे कोरडे पडू शकतात. पण म्हणून स्वतःच्या मनानं काही बंद करू नका, काचबिंदूचं औषध तर अजिबात नाही. तोंडही कोरडं पडत असेल, कोरडी पोळी पाण्याशिवाय गिळता येत नसेल, सांधे दुखत असतील तर ते आवर्जून सांगा. शोग्रेन नावाच्या आजारात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींवर उलटते, बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा खूप जास्त आढळतो, आणि आमवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असलेल्यांनाही होऊ शकतो. अशा वेळी रक्ताच्या तपासण्या लागतात आणि संधिवाताच्या डॉक्टरांचीही गरज पडते.

शेक: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चुकीचा केला जाणारा उपाय

बऱ्याच जणांमध्ये गडबड तेलाच्या ग्रंथींची असते, त्यामुळे शेक नीट करायला शिकणं फार महत्त्वाचं. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली थिजली की आपण गरम पाण्यात ठेवतो, इथेही तेच करायचंय, ग्रंथींमध्ये थिजलेलं तेल वितळवायचं. पण बाटली एक मिनिट ठेवून काढली तर तेल वितळतं का? नाही ना. लोक रुमाल गरम पाण्यात बुडवून डोळ्यावर ठेवतात, तो दीड-दोन मिनिटांत कोमट होतो, मग म्हणतात शेकून काही फरक पडत नाही.

पापणीला साधारण ४० अंशांच्या आसपासची ऊब सलग ८-१० मिनिटं मिळायला हवी. मी दोन जाड सुती रुमाल घेते, पातेल्यात गरम पाणी, एक डोळ्यांवर आणि दुसरा पाण्यात, मिनिट-दीड मिनिटानं अदलाबदल. घट्ट पिळून घ्यायचा आणि आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, तिथे चटका बसला तर डोळ्यावर नाहीच. तव्यावर कापड तापवून बाळाला शेक देतात तसा दिला तरी चालतो, पण त्यात गरम किती झालं ते पटकन कळत नाही म्हणून मला ओला शेकच बरा वाटतो. हल्ली मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचे आय मास्क मिळतात, ते ऊब जास्त वेळ धरून ठेवतात, परवडत असेल तर घ्या. एक लक्षात ठेवा, रुमालानं डोळा दाबायचा नाही, नुसता पापणीवर टेकवायचा.

शेक झाला की लगेच, म्हणजे तेल पातळ आहे तोवर, हलका मसाज. हात साबणानं धुवून, वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, म्हणजे दोन्हीकडे केसांच्या दिशेनं, बोटाच्या पेरानं पाच-सहा वेळा. मग पापणीच्या केसांच्या मुळाशी कोंड्यासारखं काही चिकटलं असेल तर ते पुसून काढायचं, त्यासाठी लिड वाइप्स मिळतात, नाहीतर उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेला स्वच्छ कापूस. हा कोंडा महत्त्वाचा कारण त्यात बॅक्टेरिया वाढतात, ते तेलाचे तुकडे करून झोंबणारी आम्लं तयार करतात, आणि दाहाच्या चक्राला आणखी इंधन मिळतं. केसांच्या मुळाशी गुंडाळलेल्या नळीसारखे पापुद्रे दिसत असतील तर ते डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्याचं लक्षण असतं, त्याचं औषध वेगळं आहे, डॉक्टरांना दाखवा.

सुरुवातीला दिवसातून दोनदा, मग एकदा. रोज. मी रात्री भांडी आवरली की करते, तेव्हा पाणी तापवायला गॅस समोरच असतो. काही जणांना डॉक्टर डॉक्सिसायक्लीन किंवा अझिथ्रोमायसिन देतात तेव्हा प्रश्न पडतो की इन्फेक्शन नाही तर अँटिबायोटिक कशाला, तर ती इथे मुख्यतः दाह कमी करायला आणि तेल सुधारायला दिलेली असतात. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर डॉक्सिसायक्लीनच्या आधी ते सांगा.

ड्रॉप: कुठला, किती वेळा, कसा

कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप, कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, सोडियम हायलुरोनेट वगैरे, हे खारटपणा पातळ करतात आणि आराम देतात, चांगले आहेत, पण नेहमीच्या बाटल्यांमध्ये बऱ्याचदा बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह असतं. ते साबणासारखं काम करतं, अश्रूंवरचं तेल फोडतं आणि पेशींना इजा करतं, म्हणजे आपणच दिवसातून आठ वेळा दाह ओतत असतो. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा ड्रॉप लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री मागा, महाग पडतात हे खरं, पण इथे काटकसर करू नका.

खालची पापणी ओढून खिसा करायचा, एकच थेंब, डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यात बोटानं एक मिनिट दाबून ठेवायचं. दुसरा थेंब घालून काही फायदा नाही, डोळ्यात तेवढी जागाच नसते, तो गालावर येतो. दोन वेगळे ड्रॉप असतील तर मध्ये निदान ५ मिनिटं, आणि जेल किंवा मलम सगळ्यात शेवटी, रात्री झोपताना.

आता दाहावरची औषधं, इथेच बहुतेक लोक मध्येच सोडतात म्हणून नीट वाचा. सायक्लोस्पोरिन हे औषध अवयव बदलल्यावर शरीरानं तो नाकारू नये म्हणून गोळ्यांमध्ये देतात, ते टी-सेलना शांत करतं. तेच अगदी कमी प्रमाणात, ०.०५ टक्के, डोळ्याच्या ड्रॉपमध्ये असतं, अमेरिकेत २००२ साली त्याला ड्राय आयसाठी मंजुरी मिळाली आणि आपल्याकडेही ते मिळतं. थेंब आहे म्हणून ते रक्तात फारसं जात नाही, नाव गुगल करून घाबरू नका, मी घाबरले होते आणि महिनाभर बाटली तशीच पडली होती. दिवसातून दोनदा, साधारण १२ तासांच्या अंतरानं. घातल्यावर चुरचुरतं, बऱ्याच जणांना जळजळ होते, आणि मुख्य म्हणजे असर दिसायला तीन ते सहा महिने लागतात. पहिल्या महिन्यात जळजळ आहे आणि फायदा शून्य, मग माणूस म्हणतो हे औषध मला सोसत नाही. बहुतेकदा सोसतं, वेळ लागतो, कारण ते लाली पुसत नाही तर नव्या टी-सेल जाग्या व्हायचं थांबवतं, आणि मेलेल्या गॉब्लेट पेशींच्या जागी नव्या यायला महिने जातात. जळजळ फारच असेल तर डॉक्टरांना सांगा, काही डॉक्टर सुरुवातीचे दोन ते चार आठवडे सोबत सौम्य स्टिरॉइड ड्रॉप देतात, लोटेप्रेडनॉल वगैरे, त्यानं दाह पटकन बसतो आणि तोवर सायक्लोस्पोरिन जम धरतं. लिफिटेग्रास्ट नावाचं आणखी एक औषध आहे, अमेरिकेत २०१६ साली आलं, ते टी-सेलला पेशींवर चिकटूच देत नाही, तेही डॉक्टरांशी बोलून.

स्टिरॉइडबद्दल मला हात जोडून सांगायचंय. त्यानं दोन दिवसांत इतकं छान वाटतं की लोक तीच चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये परत परत जातात. पण त्यानं डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, वाढतं तेव्हा काही दुखत नाही, कळत नाही, आणि नजर जाते ती परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर होऊ शकतो. आपल्याकडे शेतात काम करताना धसकट, पातं डोळ्याला लागून बुरशीचं इन्फेक्शन होतं, त्यात स्टिरॉइड घातलं तर बुरशी फोफावते आणि डोळा जातो. घरातल्या एकाचा उरलेला ड्रॉप दुसऱ्यानं घालणं तर पूर्ण बंद करा.

घर, ऑफिस, गाडी

स्क्रीन बघताना आपण पापण्या मिटायच्या विसरतो, एरवी मिनिटाला १५-२० वेळा मिटतो ते पाच-सातवर येतं, आणि ज्या मिटतात त्याही अर्ध्याच. पापणी पूर्ण मिटली तरच तेल बाहेर येतं, त्यामुळे दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर वीस सेकंद लांब बघा आणि सावकाश, वरची पापणी खालच्या पापणीला टेकेल अशी दहा वेळा मिटा. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, नजर थोडी खाली असली की डोळा कमी उघडा राहतो आणि कमी सुकतो. एसीच्या झोताची दिशा बदलून घ्या. कूलरनं हवा ओलसर होते हे बरोबर, पण झोपताना तो थेट तोंडावर आला तर वारा तेवढाच त्रास देतो, कूलर पायाकडे ठेवा. सकाळी उठल्याउठल्याच सगळ्यात जास्त खुपत असेल तर घरच्यांना बघायला सांगा की झोपेत तुमचे डोळे अर्धवट उघडे राहतात का. मे महिन्यात आम्ही स्कार्फ बांधून गाडी चालवतो पण डोळे उघडेच असतात, बाजूनं बंद असलेला गॉगल घाला किंवा हेल्मेटची काच खाली करा.

ओमेगा-३ च्या कॅप्सूलचं सगळे विचारतात. २०१८ साली ड्रीम नावाचा मोठा अभ्यास आला, अर्ध्यापेक्षा जास्त लोकांना वर्षभर रोज ३ ग्रॅम माशाचं ओमेगा-३ दिलं आणि बाकीच्यांना ऑलिव्ह ऑइल, दोघांनाही बरं वाटलं पण फरक काही निघाला नाही. मासे, जवसाची चटणी खुशाल खा, पण महागडी कॅप्सूल घेऊन ड्रॉप बंद करू नका.

मध, गुलाबपाणी, एरंडेल, कांद्याचा रस, अंगावरचं दूध, सुरमा, हे मायेनं सांगितलं जातं, माझ्या आत्यानं मला मधच सांगितला होता, पण हे काही निर्जंतुक नसतं आणि दाह असलेल्या डोळ्याची वरची कातडी आधीच सैल झालेली असते, जंतू सहज आत जातात. काजळही पापणीच्या आतल्या कडेला लावू नका, तिथेच तर तेलाच्या ग्रंथींची तोंडं आहेत. आणि चोळू नका, कितीही खाज आली तरी.

डोळा खूप दुखतोय, उजेड सहन होत नाही, नजर एकदम कमी झाली, काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसतोय किंवा पू येतोय, तर हा साधा कोरडेपणा नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर लेन्स काढून सोबत डबीत घेऊन जा.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज शून्य ते दहामध्ये त्रासाचा आकडा लिहायला लागले, दूधवाल्याचा हिशोब लिहितो तसा. पहिले दोन महिने सात-आठच, तिसऱ्यात सहा, पाचव्या महिन्यात एका आठवड्यात दोन दिवस तीन आला तेव्हा मी नवऱ्याला बोलावून दाखवलं. टीबीयूटी सहा महिन्यांनी ४ वरून ८ वर आलं. दिवाळीत फटाक्यांच्या धुरानं परत बिघडलं, मग आठवडाभर शेक दोनदा केला, प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री ड्रॉप वाढवले आणि सायक्लोस्पोरिन तसंच चालू ठेवलं. पुढच्या तपासणीला जाताना हे कॅलेंडरचं पान आणि जुने आकडे सोबत न्या, डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा, आता कुठला ड्रॉप कमी करायचा आणि कुठला अजून काही महिने चालू ठेवायचा.